लहान खोलीत ध्वनिमुद्रण: ड्रम किटचे सिंबल बदलायचे आहेत, आधी कोणता बदलू?

मध्यलय

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून मी घरातल्या एका खोलीत ड्रम्सचे ध्वनिमुद्रण करत आहे. खोली साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि 2.6 मीटर उंच आहे. किट मध्यम दर्जाचे असले तरी त्याचे हेड नवे आहेत आणि ते सुरात लावण्यासाठी मी पुरेसा वेळ देतो, त्यामुळे स्नेअर, टॉम आणि बास ड्रम यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सिंबलची, म्हणजे किटच्या धातूच्या थाळ्यांची. किटसोबत आलेली 14 इंची पितळी हाय-हॅट (पायाने मिटणारी दोन सिंबलची जोडी), 16 इंची जाड क्रॅश (जोर देण्यासाठी मधूनच वाजवायचा) आणि 20 इंची वजनदार राइड (ठेका धरण्यासाठी सतत वाजवायचा) असा माझा संच आहे. यातले क्रॅश आणि राइड मी मंचावर वाजवत असताना घेतले होते, आणि दोन गिटारांच्या गदारोळातूनही ते ऐकू यावेत एवढीच त्या वेळी माझी अपेक्षा होती.

आता तोच गुण मुळावर आला आहे. माझ्याकडे चारच माइक आहेत: एक बास ड्रमला, एक स्नेअरला आणि दोन वर ओव्हरहेड म्हणून, त्यामुळे टॉमचा बहुतेक आवाज मला ओव्हरहेडमधूनच घ्यावा लागतो. ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर क्रॅश उघडला की पुढचे दोन-तीन ठोके स्नेअर कुठे गेला ते शोधावे लागते. ओव्हरहेड खाली घेतले तर टॉमही त्यांच्याबरोबर जातात. 5 ते 7 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कापले तर कर्कशपणा उतरतो, पण स्नेअरची कडकडही त्याच पट्ट्यात असल्यामुळे तीही बोथट होते. मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारा कंप्रेसर लावल्यावर तर दोन ठोक्यांच्या मधली सगळी जागा सिंबलचा फेस व्यापून टाकतो.

सगळा संच एकदम बदलणे मला शक्य नाही. आत्ता एक, फार तर दोन वस्तू घेता येतील. तेव्हा हाय-हॅट, क्रॅश आणि राइड यांपैकी आधी काय बदलावे, वजन किती असावे, ध्वनिमुद्रणासाठी ‘डार्क’ सिंबलच घ्यावेत असे जे सगळीकडे सांगितले जाते ते कितपत खरे आहे, आणि सर्व सिंबल एकाच कंपनीचे असणे आवश्यक आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

फेडर_खाली

नमस्कार. मी स्वतः फारसे वाजवत नाही. इतरांनी वाजवलेले मिसळण्याचे काम करतो, आणि त्या बाजूनेच उत्तर देतो. आधी हाय-हॅट बदला. तुमच्या वर्णनात क्रॅश खलनायक वाटतो हे खरे, पण क्रॅश एका गाण्यात वीस-पंचवीस वेळा वाजतो आणि हाय-हॅट कित्येक शेकडा वेळा. शिवाय ती स्नेअरच्या माइकपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते. स्नेअरचा ट्रॅक एकटा लावून ऐका. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये पितळी हाय-हॅटचा पातळ, पत्र्यासारखा आवाज स्वच्छ ऐकू येईल, आणि तुम्ही स्नेअरला चमक देण्यासाठी वरचे स्वर जितके उचलाल तितकीच ती हाय-हॅटही उचलली जाईल. म्हणजे तुम्हाला जो कर्कशपणा क्रॅशचा वाटतो त्याचा पाया हाय-हॅटने आधीच घालून ठेवलेला असतो, आणि क्रॅश त्यावर फक्त कळस चढवतो.

हाय-हॅटच्या जोडीत वरचा सिंबल हलका आणि खालचा त्याहून जड असतो. 14 इंची जोडीत वरचा साधारण 850 ते 950 ग्रॅम आणि खालचा 1,100 ते 1,300 ग्रॅमच्या आसपास असेल तर ती जोडी माइकसमोर सौम्य राहते आणि पायाने मिटल्यावर ‘चिक’ही नीट उमटतो. वरचा सिंबल फारच पातळ घेतला तर अर्धवट उघड्या हाय-हॅटचा आवाज सुंदर पसरतो, पण मिटलेल्या ठोक्याला धार उरत नाही. 15 इंची जोडीचा विचार अवश्य करा. व्यास वाढला की सूर खाली उतरतो, आणि हाय-हॅटचा सूर थोडा उतरला की ती स्नेअरच्या वाटेतून बाजूला होते. मला स्वतःला मिसळण्यासाठी 15 इंची हाय-हॅट आली की हायसे वाटते, हे आधीच कबूल करतो.

आता क्रॅश. वरवर उलटे वाटेल, पण तुमच्या 16 इंची जाड क्रॅशपेक्षा 18 इंची पातळ क्रॅश त्या लहान खोलीत कमी त्रास देईल. एकाच व्यासाचे दोन सिंबल घेतले तर जाड सिंबलचा सूर वर चढलेला असतो, तो पूर्ण उघडायला अधिक जोर लागतो आणि एकदा उघडला की त्याची आस लांबत जाते. पातळ सिंबलची कड हलक्या फटक्यानेही लवते, त्यामुळे तो कमी आवाजात पूर्ण उघडतो आणि लवकर शांत होतो. ध्वनिमुद्रणात हे शांत होणेच जास्त मोलाचे असते. 120 च्या लयीत चार मात्रांचा एक बार 2 सेकंदांत संपतो. ज्या क्रॅशचा नाद पाच सेकंद रेंगाळतो तो अडीच बार व्यापून बसतो, आणि त्या अडीच बारांत गायकाने काय म्हटले ते झाकोळून टाकतो. 18 इंची क्रॅशचे वजन 1,250 ते 1,350 ग्रॅमच्या घरात असेल तर तो पातळ समजावा. 1,500 च्या पुढे गेला की तो मंचाकडे झुकू लागतो.

एक गोष्ट आजच, काही न विकत घेता करून पाहा. स्नेअरचा माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल तर तो पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड (समोरच्या त्याहून अरुंद पट्ट्यातून ऐकणारा) असेल तर सर्वांत कमी ऐकण्याची त्याची दिशा थेट मागे नसून मागच्या दोन्ही बाजूंना, समोरपासून सुमारे 126 अंशांवर असते. ती दिशा हाय-हॅटकडे येईल असा माइक फिरवा. बोटभर कोन बदलला तरी फरक ऐकू येतो.

---

कोरी_भिंत

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण क्रम बदलावा असे मला वाटते. आपण खोलीची मापे दिलीत, ओव्हरहेड जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे मात्र दिले नाहीत. बहुतेक जण लहान खोलीत सिंबलचा आवाज अंगावर येतो म्हणून माइक वर वर नेत जातात आणि अखेरीस तो छताच्या कुशीत जाऊन बसतो. तसे झाले असेल तर कोणताही सिंबल आणला तरी तो थोडाफार कर्कशच ऐकू येईल.

हिशेब करून पाहू. सिंबल जमिनीपासून 1.1 मीटरवर आहे आणि माइक त्याच्या थेट वर 2.3 मीटरवर, म्हणजे छतापासून 30 सेंटीमीटर खाली आहे असे धरा. सिंबलचा थेट आवाज 1.2 मीटर चालून माइकपर्यंत येतो. छतावर आपटून येणारा आवाज त्याहून 60 सेंटीमीटर जास्त, म्हणजे 1.8 मीटर चालतो. अंतराचा विचार केला तर तो परावर्तित आवाज थेट आवाजापेक्षा जेमतेम साडेतीन डेसिबल मंद असतो. दोन्ही जवळजवळ तुल्यबळ असल्यामुळे ते एकमेकांना काही ठिकाणी खोडतात आणि काही ठिकाणी फुगवतात. 60 सेंटीमीटरच्या फरकाला पहिला खड्डा 286 हर्ट्झच्या आसपास पडतो आणि मग 858, 1,430 असा विषम पटीने कंगव्याच्या दातांसारखा वरपर्यंत चालू राहतो. सिंबलचा आवाज सगळ्या पट्ट्यात पसरलेला असल्याने हा कंगवा त्याच्यात सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. ‘पत्र्यासारखा’, ‘फुसफुसणारा’ अशी जी विशेषणे आपण सिंबलला लावतो त्यांतली निम्मी छताची असतात.

आता तोच माइक 1.9 मीटरवर आणा. थेट अंतर 80 सेंटीमीटर, परावर्तित अंतर 2.2 मीटर. परावर्तित आवाज आता सुमारे पावणेनऊ डेसिबल मंद झाला, आणि कंगव्याचे दात बोथट झाले. म्हणजे माइक खाली आणल्याने सिंबल जवळ आला तरी ध्वनिमुद्रण अधिक स्वच्छ होते. त्याशिवाय किटच्या वर छताला 10 सेंटीमीटर जाडीचे खनिज लोकरीचे फलक, शक्य तर छतापासून थोडे अंतर सोडून, टांगले तर उरलेले परावर्तनही बऱ्यापैकी शोषले जाते. अंड्यांचे ट्रे किंवा बोटभर जाडीचा फोम लावून समाधान मानू नका. ते फक्त सर्वांत वरचे स्वर खातात आणि खालचे तसेच ठेवतात, त्यामुळे खोली आणखीच विचित्र ऐकू येते.

दोन ओव्हरहेडची स्नेअरपासूनची अंतरे सारखी आहेत का हेही तपासा. इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी जी पद्धत आहे, एक माइक स्नेअरच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, तिचे सारे मर्म याच समान अंतरात आहे. दोरीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबून धरा, दुसरे पहिल्या माइकपर्यंत ताणा, तेथे गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकते का पाहा. 34 सेंटीमीटरची चूक म्हणजे एक मिलिसेकंदाची चूक. स्नेअरचा गाभा तेवढ्यानेही पोकळ होतो, आणि स्नेअर पोकळ झाला की सिंबल आपोआप मोठा वाटू लागतो.

जाता जाता: सिंबल मवाळ ऐकू यावेत म्हणून रिबन माइक घेण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. वरचे स्वर ते हळुवार घेतात हे खरे, पण बहुतेक रिबन माइक पुढून आणि मागून सारखेच ऐकतात, त्यामुळे बुटक्या छताखाली त्यांची पाठ थेट छताकडे असते. फलक टांगण्याआधी त्या वाटेला जाऊ नये.

---

कांसे_की_पितळ

मी दोन्ही उत्तरे वाचली. खोलीचा मुद्दा निर्विवाद आहे. ‘डार्क’विषयी मात्र कोणी बोलले नाही आणि तेथेच सर्वाधिक चुकीची खरेदी होते, म्हणून लिहितो.

‘डार्क’ या एका शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे ज्या सिंबलचा मूळ सूर खालचा आहे आणि वरचे स्वर मवाळ आहेत असा सिंबल. दुसरी म्हणजे ज्याच्यावर हातोडीचे खोल, अनियमित ठोके आहेत, कधी कधी ज्याचा पृष्ठभाग चरकावर तासलेलाच नाही, आणि ज्याचा आवाज कोरडा, खरबरीत, किंचित बेसूर येतो असा सिंबल. पहिल्या प्रकारचा सिंबल तुमच्या कामाचा आहे. दुसऱ्या प्रकारचा एकटा ऐकताना फार मोहक वाटतो, पण त्याच्यात एक ठाम सूर नसल्यामुळे कंप्रेसरखाली त्याची वाळू होते, आणि दाट गिटारच्या मागे ती वाळू नुसती खसखसत राहते. तुमच्या गाण्यात एक गिटार, बास आणि आवाज एवढेच असेल तर कोरडा सिंबल शोभून दिसेल. गिटारचे चार थर असतील तर जरा उजळ, पण पातळ सिंबल जास्त चांगला बसतो, कारण तो चटकन दिसतो आणि चटकन निघून जातो. थोडक्यात, उजळपणा आणि जाडी यांची गल्लत करू नये. तुमचा त्रास जाडीचा आहे.

धातूविषयीही असाच गैरसमज आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. सिंबलच्या व्यवहारात बी20 म्हणजे 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील, तर बी8 म्हणजे 92 टक्के तांबे आणि 8 टक्के कथील. बी20 ठिसूळ असल्याने त्याचा ओतीव गोळा पुन्हा पुन्हा तापवून लाटावा लागतो. बी8 चे पत्रे सरळ लाटून कापता येतात, म्हणून प्राथमिक दर्जाचे बरेच सिंबल बी8 चे असतात आणि त्यावरून ‘बी8 म्हणजे हलका माल’ अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात पायस्टी कंपनीची 1971 साली आलेली ‘2002’ ही मालिका बी8 चीच आहे आणि तिच्यावर व्यावसायिक वादकांच्या पिढ्या वाजवत आल्या आहेत. त्याच कंपनीची 1959 ची ‘फॉर्म्युला 602’ मात्र 20 टक्के कथिलाची आहे. तेव्हा शिक्का पाहून निर्णय घेऊ नका. पितळी हाय-हॅट बदलण्याविषयी मात्र दुमत नाही. पितळाचा आवाज लवकर मरतो खरा, पण मरण्याआधी तो फक्त मधल्या पट्टीत ओरडतो.

एकाच कंपनीचे सिंबल असावेत का? नाही. एका कंपनीच्या दोन मालिकांतला फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असतो. शिवाय यांतल्या कित्येक कंपन्या एकाच मुळातून फुटलेल्या आहेत. सेबियन ही कंपनी 1981 साली कॅनडात झिल्डजियन घराण्यातल्याच एका भावाने काढली, आणि ‘इस्तंबूल’ या नावाची तुर्की कंपनी 1996 साली आगोप आणि मेहमेत अशा दोन नावांत विभागली गेली. नावांपेक्षा सूर जुळतात का ते पाहा: दोन क्रॅश असतील तर त्यांच्या सुरांत स्पष्ट अंतर असावे, आणि राइडची कड वाजवली तर ती क्रॅशच्या खाली ऐकू यावी.

निवड करताना दुकानाच्या दालनात कानाने ऐकून ठरवू नका. तिथे चाळीस सिंबल एकाच वेळी टांगलेले असतात. तुम्ही एक वाजवता आणि उरलेले एकोणचाळीस त्याला साथ देतात. मी स्वतः असाच एक राइड भारावून जाऊन घरी आणला होता, आणि माइकसमोर ठेवल्यावर त्याचा नाद एका बारनंतर ढगासारखा दाटून आला. त्या दिवशी मला जे आवडले होते ते दालन होते. तेव्हापासून मी माझी स्टिक, माझी हाय-हॅट आणि खिशात मावणारा रेकॉर्डर बरोबर नेतो. रेकॉर्डर सिंबलपासून 80 सेंटीमीटरवर ठेवतो आणि प्रत्येक सिंबल आधी अगदी हळू, मग माझ्या नेहमीच्या जोराने, अशा दोनच फटक्यांत मुद्रित करून घरी येऊन ऐकतो. विकत घेणे दुसऱ्या दिवशी. हळू वाजवल्यावर जो सिंबल उघडतच नाही तो लहान खोलीत कधीच नीट उघडणार नाही.

वापरलेला सिंबल घेत असाल तर बोटाचे पेर कडेवरून सावकाश पूर्ण फिरवा. केसाएवढी चीरही नखाला अडकते. मधले भोक गोल आहे की एका बाजूला ओघळून किल्लीच्या भोकासारखे झाले आहे ते पाहा. चरकाच्या रेषांच्या दिशेने गेलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सिंबल बोटावर तोलून अंगठ्याने कडेला टिचकी मारा. चीर असेल तर नाद बसका येतो किंवा त्यात बारीक घरघर मिसळते. हिरवट-तपकिरी झालेल्या रंगाला भिऊ नका आणि तो घासून काढूही नका, कारण त्या थराने वरचे स्वर थोडे मवाळ झालेले असतात आणि तुम्हाला तेच हवे आहे.

राइड सर्वांत शेवटी बदलावा. जड राइडचे एक बरे असते: टोकाचा ठोका स्वच्छ येतो आणि फेस कमी असतो. तो क्रॅशसारखा कडेवर वाजवला नाही म्हणजे झाले. छिद्रांचे कमी आवाजाचे सिंबल मिळतात, ते सरावापुरते ठीक. माइकसमोर त्यांचा आवाज सिंबलचा वाटत नाही. स्प्लॅश आणि चायना या खास परिणामासाठीच्या सिंबलचा विचार सध्या सोडून द्या.

---

जुनी_स्टिक

सर्वांनी मोलाची माहिती दिली आहे. मी पंचवीस वर्षे वाजवतो आहे आणि मला वाटते की प्रश्नकर्त्याच्या प्रश्नात एक वाक्य सर्वांच्या नजरेतून सुटले: ‘मंचावर वाजवत असताना’. मंचावर वाजवणाऱ्याचा उजवा हात कायम सिंबलवर जड आणि डावा हात स्नेअरवर त्या मानाने हलका राहतो, कारण गोंगाटात स्वतःला सिंबलच ऐकू येत नसतो. माइक लावलेल्या खोलीत हे प्रमाण नेमके उलटे करावे लागते. ओव्हरहेड माइक म्हणजे किटसमोर बसलेला श्रोता. तुम्ही ड्रम्स आणि सिंबल यांचे जे प्रमाण हाताने ठेवाल तेच त्याला ऐकू येईल, आणि नंतर कोणत्याही फेडरने, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीने, ते प्रमाण बदलणार नाही.

म्हणून काही घेण्याआधी एक संध्याकाळ हा प्रयोग करा. सगळे माइक बंद ठेवून फक्त एक ओव्हरहेड चालू ठेवा. नेहमीचा ठेका दोन मिनिटे वाजवा आणि ऐका. मग तोच ठेका असा वाजवा की स्नेअर आणि बास ड्रम नेहमीइतकेच जोरात राहतील, पण हाय-हॅट मात्र पलीकडच्या खोलीत कोणी झोपले आहे अशा बेताने वाजेल. पहिल्या प्रयत्नात हात ऐकणार नाही. दोन्ही हातांना वेगवेगळ्या जोराची सवय लागायला आठवडे जातात, पण त्यानंतर मिळणारा फरक कोणत्याही नव्या धातूपेक्षा मोठा असतो.

क्रॅशवर स्टिक आरपार नेऊ नका. कडेवर तिरका, घसटता फटका द्या आणि हात लगेच बाजूला काढून घ्या, जणू गरम तव्याला बोट लागले. सिंबल स्वतःकडे किंचित झुकलेला असावा. आडव्या सपाट सिंबलच्या कडेवर स्टिकचा दांडा काटकोनात आदळतो, आवाज भसाडा येतो आणि कालांतराने कडही फुटते. वरचा नट घट्ट आवळू नका. सिंबल फेल्टच्या दोन गाद्यांमध्ये मोकळा डुलला पाहिजे. पोस्टवरची प्लॅस्टिकची नळी झिजली असेल तर आधी तीच बदला, कारण धातू धातूवर घासला तर त्याची कुरकुर माइक पकडतो.

जाड 5बी स्टिक वापरत असाल तर ध्वनिमुद्रणापुरती बारीक, हलकी 7ए घ्या. नायलॉनच्या टोकापेक्षा लाकडी टोक राइडवर मऊ वाजते. तुमच्या जड राइडचा नाद फारच लांबत असेल तर खालच्या बाजूला, घुमटी आणि कड यांच्या साधारण मध्यावर, दोन बोटे लांबीची कापडी चिकटपट्टी लावून पाहा. एकच लावा. एका पट्टीने फेस कमी होतो. तीन पट्ट्यांनी सिंबलचे झाकण होते.

आणि कानांना संरक्षण लावा. लहान खोलीत हा विषय आवाजाच्या दर्जाहून महत्त्वाचा आहे. 85 डेसिबलला आठ तास हा जो व्यावसायिक सुरक्षेचा निकष आहे, त्यात प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात, आणि बंद खोलीत क्रॅश त्याच्या पुढे सहज जातो. शिवाय थकलेला कान वरचे स्वर कमी ऐकतो, मग हात आपोआप सिंबलवर जोर वाढवतो. माझ्या उजव्या कानात आता एक बारीक शिट्टी कायमची वस्तीला आली आहे.

---

मध्यलय

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले बरेचसे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

‘कोरी_भिंत’ यांचा अंदाज खरा निघाला. माझे ओव्हरहेड छतापासून हातभर अंतरावरही नव्हते. ते 1.9 मीटरवर आणले, दोरी आणि गाठ वापरून स्नेअरपासूनची अंतरे सारखी केली, तेव्हा एक माइक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ एक वीत लांब होता हे कळले. त्याच संध्याकाळी स्नेअरला पोट आले. छताचे फलक अजून तयार व्हायचे आहेत. तूर्तास एक जाड रजई चार हुकांवर ताणून टांगली आहे. ती फलकांची जागा घेणार नाही हे मला ठाऊक आहे, पण टाळी वाजवल्यावर जी टणटण येत असे ती गेली.

हाताचा प्रयोग मात्र मला नामोहरम करून गेला. एकाच माइकवर स्वतःला ऐकताना असे वाटले की मी हाय-हॅट वाजवत नसून तिच्यावर राग काढतो आहे. 7ए स्टिक घेतल्यावर पहिले दोन दिवस हातात काही धरलेच नाही असे वाटे. आता सवय होत आहे.

त्यानंतर एका मित्राकडून 18 इंची पातळ क्रॅश आणि 15 इंची हाय-हॅट आठवड्यासाठी उसनी आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर क्रॅश 1,290 ग्रॅम भरला. हाच क्रॅश आणि माझा 16 इंची, दोन्ही एकाच जागी, एकाच माइकखाली, एकाच तालात वाजवून मुद्रित केले. मोठा क्रॅश जास्त दणदणेल अशी मनात भीती होती. प्रत्यक्षात तो ‘पाऽश’ म्हणून खुला झाला आणि पुढच्या बारचा तिसरा ठोका येईपर्यंत मागे सरला. माझा जुना क्रॅश त्या वेळीही एकच एक चढा सूर धरून उभा होता, आणि वर तो सूर गाण्याच्या पट्टीत नव्हता. हाय-हॅटबाबत ‘फेडर_खाली’ म्हणाले तसेच झाले: स्नेअरच्या ट्रॅकमध्ये ती अजूनही ऐकू येते, पण आता मी स्नेअरची चमक वाढवू शकतो आणि कान टवकारून बसावे लागत नाही.

त्यामुळे आधी 15 इंची हाय-हॅट आणि काही महिन्यांनी 18 इंची क्रॅश असा निर्णय घेतला आहे. राइडला एक पट्टी लावली आहे आणि तो तूर्तास राहील.

एक शंका उरली आहे. उसनी हाय-हॅट पायाने मिटताना ‘चिक’ऐवजी कधी कधी ‘फुप्’ असा दबलेला आवाज येतो आणि मुद्रणात तो विशेष खटकतो. माझ्या लहान पितळी जोडीत असे कधी झाले नव्हते. दोष जोडीत आहे की माझ्या पायात?

---

जुनी_स्टिक

दोष कोणाचाच नाही. दोन्ही सिंबलच्या कडा अगदी समपातळीत जुळल्या की आतली हवा कोंडते आणि ‘चिक’ गुदमरतो. जोडी मोठी आणि तिच्या कडा सपाट असतील तर हे जास्त होते. हाय-हॅटच्या स्टँडवर खालचा सिंबल ज्या तबकडीवर बसतो तिच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो थोडा आत फिरवला की खालचा सिंबल एका अंगाला किंचित कलतो आणि हवेला वाट मिळते. पाव फेऱ्यापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी पायाने मिटून ऐका. फार कलवला तर कडा एकाच बिंदूवर आदळून ‘चिक’ पातळ होतो, तेव्हा तिथून अर्धा पाव मागे या. आणि वरचा सिंबल स्टँडच्या दांड्याला धरणारा क्लच तपासा: दोन फेल्टच्या मध्ये सिंबल किंचित हलला पाहिजे, आवळून बसलेला असू नये.

---

मध्यलय

पाव फेऱ्याने ‘फुप्’ कमी झाला, आणखी थोडे फिरवल्यावर पूर्ण गेला. क्लच मी खरोखरच आवळून ठेवला होता. तोही सैल केला आहे.